हरळीचा परवाना

बागा तयार करून द्यायच्या धंद्याला कुठला परवाना लागतो, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. सगळं आयुष्य त्याच धंद्यात गेलं, तरीही. नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी बारामतीतल्या ज्या ज्या टेबलासमोर उभा राहिलो, त्या प्रत्येक टेबलाचं उत्तर वेगळं होतं आणि प्रत्येक टेबल आपल्या उत्तरावर ठाम होतं. आज आठवलं तरी डोकं फिरतं.

आमचं गाव कऱ्हाटी. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोरवयात कळपामागं पायपीट केली, मग मेंढरं विकली, विहीर पाडली आणि शेती धरली. नव्यानं शेतकरी झालेला माणूस जुन्या शेतकऱ्यापेक्षा कडक असतो. दुसऱ्याच्या रानात तण दिसलं की आबा त्या घरातल्या माणसांविषयी मत बनवून मोकळे व्हायचे. त्यातही हरळी म्हणजे त्यांचा वैरी. नांगरट झाली की ते स्वतः मागून चालत तिच्या काशा, म्हणजे जमिनीखालून पसरणाऱ्या त्या पांढऱ्या चिवट मुळ्या, एकेक वेचून काढायचे. उन्हाळ्यात बांधावर ढीग वाळवून पेटवायचे, तेव्हा कुठं त्यांच्या जिवाला गारवा मिळायचा.

मी शेतकी पदविका घेतली ती पुण्याच्या बाजूला. सुट्टीत एका बागवाल्याच्या हाताखाली राबलो आणि तिथं मला एक गोष्ट कळली. बंगल्यातले लोक ज्याला लॉन म्हणतात, ज्याच्यावर पाहुण्यांना चप्पल घालून जाऊ देत नाहीत, ती बहुतेक ठिकाणी हरळीच असते. बारीक पातीची, वेळच्या वेळी कातरलेली, पण हरळीच. ही गोष्ट घरी सांगायचं धाडस मला झालं नाही. मी आपला 'लॉन' म्हणायचो, आणि आबांना वाटायचं, असेल काहीतरी विलायती.

तेव्हा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. प्रत्येक कंपनीपुढं मुरमाचं बोडकं मैदान आणि प्रत्येक मॅनेजरला तिथं हिरवं काहीतरी हवं होतं. अशाच एका मॅनेजरनं मला काम द्यायचं कबूल केलं. फाटकापासून ऑफिसपर्यंत लॉन आणि कडेनं फुलझाडं. थंडीत उद्घाटन होतं, म्हणजे दसऱ्याच्या आत लागण व्हायला हवी होती.

"फक्त परवान्याची प्रत जोडा," ते म्हणाले.

"कसला परवाना?"

"जो काय असेल तो. ऑडिटला कागद लागतो."

घरी आबांनीही दसऱ्याचीच मुदत घातली. त्यांनी साखर कारखान्यातल्या एका डायरेक्टरच्या कानावर माझ्यासाठी शब्द टाकला होता. "दसऱ्यापातूर तुजं त्ये लॉन बग. न्हाय जमलं तर गुमान कारखान्याच्या शेतकी खात्यात रुजू व्हायाचं. ऊस मोजायचा, सही करायची. पंख्याखाली बसून काम हाय." मला पंख्याखाली बसायचं नव्हतं. दसऱ्यापर्यंत आबांनी तिकडं फिरकायचं नाही, या बोलीवर मी विहिरीखालचं आठ गुंठे रान मागून घेतलं, पुण्याहून पोत्यात भरून बारीक हरळीचं बेणं आणलं, एकट्यानं लावलं आणि परवान्याच्या मागं लागलो.

सुरुवात ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यानं. ग्रामसेवकानं कपाटातून एक छापील नमुना काढला. तो पिठाच्या गिरणीसाठी छापलेला होता. धूर किती, आवाज किती, पट्टा उघडा की झाकलेला, सांडपाणी कुठं सोडणार.

"मी गिरणी टाकत नाही," मी म्हणालो.

"नमुना ह्योच हाय. गिरणी खोडा आन् तुमचं काय त्ये ल्हिवा."

मी गिरणी खोडली. पट्ट्याच्या रकान्यात रेघ मारली. सांडपाण्याच्या रकान्यात 'झाडांना' असं लिहिलं. ते त्यांना पटलं. पण खाली शेजाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या, आणि शेजारी म्हणजे आमचे भाऊबंद. थोरल्या चुलत्यांनी तो कागद तीन आठवडे ठेवून घेतला. रोज विचारलं की म्हणायचे, "वाचून बगतो." त्यांना वाचता येत नव्हतं. शेवटी चुलतीनं त्यांना अंगठा उठवायला लावला, तेव्हा तो कागद सुटला.

मग दुकान परवाना. त्या टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "दुकान कुठाय?"

"दुकान नाही साहेब. मी लोकांच्या दारात जाऊन काम करणार."

"मग परवाना टांगणार कुठं?"

हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला, चेष्टेत नाही. परवाना दर्शनी भागात टांगायचा नियम. टांगायला भिंत पाहिजे, भिंतीसाठी गाळा पाहिजे. मी म्हणालो, "सायकलला टांगतो." हे बोलायला नको होतं. त्यानंतर पंधरा दिवस मला पाहिलं की साहेबांना भूक लागायची आणि ते जेवायला उठायचे. शेवटी एसटी स्टँडमागच्या एका पंक्चरवाल्याच्या हातापाया पडून त्याच्या गाळ्यातली एक भिंत मिळवली. ट्यूब आणि जॅक यांच्या मधोमध माझा परवाना लटकला. मी त्याची प्रत घेऊन मॅनेजरकडं धावलो, तर ते म्हणाले, "हा दुकानाचा झाला. झाडांचा कुठाय?"

झाडांचा म्हणजे सरकारच्या शेतकी खात्याचा. त्यासाठी सातबारा हवा आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. तलाठ्यांनी पेन हातात धरून विचारलं, "पीक काय?"

"गवत."

"गवत पीक नसतंय."

"शोभेचं गवत आहे."

"जनावरं खात्यात का?"

"खातात, पण खाऊ द्यायचं नाही."

त्यांनी लिहिलं, 'गवत पड'. म्हणजे सरकारदरबारी माझी रोपवाटिका ही पडीक जमीन ठरली. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "हरकत असंल तर प्रांतांकडं अपील करा." मी तोंड मिटलं.

शेतकी खात्यातल्या साहेबांची तऱ्हा आणखी न्यारी. त्यांच्याकडं इंदापूरचाही चार्ज होता. मी बारामतीला गेलो की ते इंदापूरला, आणि एसटी धरून इंदापूरला गेलो की शिपाई सांगायचा, "आत्ताच गेलं बारामतीला. वाटंत गाठ न्हाय पडली व्हय?" तीनदा असं झाल्यावर ते सापडले. माझं सगळं ऐकून म्हणाले, "लॉनचा नमुना आमच्याकडं नाही. फळझाडांच्या रोपवाटिकेचा आहे. पेरूची चाळीस-पन्नास रोपं आणून ठेवा, मग तपासणीला येतो." मला पेरू लावायचे नव्हते, कुणी मागितले नव्हते. तरी मी पेरूची रोपं आणली आणि पिशव्या बाभळीच्या सावलीत मांडून ठेवल्या.

श्रावणात साहेब आले. आबा त्या दिवशी बाजाराला गेले होते. साहेबांनी पेरू मोजले आणि आठ गुंठ्यांकडं वळले. एव्हाना तिथं हिरवागार गालिचा धरला होता. मी स्वतः विळ्यानं कातरून तो सारखा केला होता आणि मला त्याचा फार अभिमान वाटत होता. साहेबांनी नाक मुरडलं.

"केवढं हे तण!"

"साहेब, हेच लॉन आहे."

"ही हरळी आहे."

"हो साहेब, हरळीचंच लॉन असतं."

"मग तण म्हणा की." त्यांनी फाईल मांडीवर घेऊन शेरा मारला. प्रक्षेत्र तणग्रस्त आहे, सबब शिफारस करता येत नाही, तण निर्मूलनानंतर फेरतपासणी व्हावी.

त्या संध्याकाळी मी ताटावर बसलो होतो. आबांनी विचारलं, "काय म्हनलं सायेब?" मी त्राग्यानं म्हणालो, "काय म्हणणार? हरळीपायी परवाना अडला." एवढंच बोललो आणि हात धुवून उठलो. खरं तर ती वेळ होती सगळं सांगायची. पण सांगितलं असतं तर आबा हसले असते किंवा भडकले असते, आणि त्या दोन्हीला तोंड द्यायची त्या दिवशी माझ्यात ताकद नव्हती. आबांनी आपल्या मनाशी हिशेब जुळवला तो असा: पोरगं कचेऱ्या हिंडत बसलं, रानाकडं लक्ष दिलं नाही, त्याचं लॉन मेलं आणि हरळीनं रान गिळलं.

मी पुण्याला माझ्या गुरुजींकडं गेलो. हरळी हे हिरवळीसाठी वापरलं जाणारं गवत आहे, असं त्यांच्याकडून कॉलेजच्या कागदावर लिहून आणलं, शिक्क्यासकट. तोवर भादवा लागला होता. 'साहेबांना घेऊनच येतो' एवढंच आईला सांगून निघालो, पण इंदापूरच्या कचेरीत त्यांना गाठायला दोन दिवस गेले. माझी थोरली बहीण त्याच तालुक्यातल्या कळंबला दिलेली आहे, तिच्याकडं मुक्काम ठेवला. दुसऱ्या दिवशी साहेब सापडले. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मी वर आणखी अर्धा तास बोललो. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "बरं बाबा, लॉन तर लॉन. चला, आजच बघून टाकू. जीपमध्ये बसा."

इंदापूर ते कऱ्हाटी मी त्या जीपमध्ये हरळीची थोरवी गात आलो. मुळं माती कशी धरून ठेवतात, पाणी कमी कसं लागतं, पायदळी तुडवली तरी कशी उभी राहते. साहेब डुलक्या काढत हूं हूं करत होते. मी जिंकलो होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एका टेबलानं माझं म्हणणं मान्य केलं होतं.

जीप विहिरीपाशी थांबली आणि मी खाली उतरलो. आठ गुंठे रान काळंभोर. नांगरून, कुळवून, ढेकळं फोडून, वर पाटा फिरवून आरशासारखं केलेलं. हिरवी काडी म्हणून नाही. मधोमध आबा उभे होते, धुतलेलं धोतर, नवा फेटा, हातात चहाची किटली.

"या सायेब," आबा म्हणाले. "दोन दिस धा बाया लावल्या. एक काशी घावली तर सांगा, मिशी काढून दीन."

साहेब माझ्याकडं वळले. "काय हो, रस्ताभर मला हरळीचं पुराण सांगितलंत, आणि इथं तर एक पात नाही!" त्यांचा चेहरा मात्र खुलला होता. "उत्तम केलंत. नाहीतर तणाला लॉन म्हणून सही करायची माझ्या जिवावर आली होती." त्यांनी तिथंच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून शेरा लिहिला. प्रक्षेत्र स्वच्छ, तणविरहित, मशागत आदर्श. परवाना देण्यास शिफारस. चहा पिऊन, आबांच्या पाठीवर हात ठेवून ते निघून गेले.

जीपचा धुरळा खाली बसायच्या आत मी आबांवर तुटून पडलो.

"काय केलंत हे?"

"काय क्येलं म्हंजी? तूच म्हनला न्हवं, हरळीपायी अडलंय?"

"तीच लॉन होती! लॉन म्हणजे हरळीच असते आबा! तीच मला कंपनीत लावायची होती. कुठं टाकली ती?"

"वाळाया येळ न्हवता. ट्राली भरली आन् कऱ्हेच्या पान्यात सोडून दिली." आबांनी किटली खाली ठेवली. "लॉन म्हंजी हरळी? मंग कदी सांगितलंस मला?"

"सांगितलं असतं तर लावू दिली असती तुम्ही?"

त्यांनी विचार केला आणि खरं उत्तर दिलं. "न्हाय."

मग मी नको ते बोललो. म्हणालो, तुम्हाला जन्मभर उपटायचंच माहीत, लावायचं नाही. रिकाम्या माळावर विहीर पाडून घर उभं केलेल्या माणसाला मी हे म्हणालो. चूक माझी होती, लपवलं मी होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच आवाज एवढा चढला. आबा घराकडं गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आई आमच्यामध्ये निरोप पोचवत होती. शेवटी परवाना आला. गोल शिक्का, तिरकी सही, आणि आत लिहिलेलं, 'पेरू रोपे, उत्पादन व विक्री'. मॅनेजरांनी प्रत घेतली, न वाचता फाईलला लावली आणि ते म्हणाले, "झालं की! चार दिवसांत लागण सुरू करा." ज्या कागदासाठी मी सहा महिने चपला झिजवल्या, तो त्यांनी दोन मिनिटंही पाहिला नाही. माझ्याकडं आता परवाना होता आणि लावायला एक काडी नव्हती. पुण्याहून पुन्हा बेणं आणायचं म्हणजे चार दिवसांत तेवढी हरळी कुणी देणार नव्हतं. मी फोन करून विचारलं होतं. घरी येऊन मी मूळ परवाना भिंतीतल्या देवळीत फेकला आणि आईला सांगितलं, "आबांना म्हणावं, कारखान्यात शब्द टाका. मी रुजू होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ट्रॅक्टर वाजला. चुलतभावाचा होता, मागं रिकामी ट्रॉली. आबा ट्रॉलीत पोतं अंथरून बसले होते. आठवड्यानं पहिला शब्द बोलले तो हा:

"बस."

"कुठं?"

"कळंबला. पाटाच्या कडंला बारीक पातीची हाय. तुज्या त्या पुन्याच्या हरळीपरास बारीक."

"तुम्हाला कसं माहीत?"

"लेक दिली तवा रान बगाया गेल्तो. म्हनलं, येवढी हरळी हाय बांदाला, पोरगी सुकात ऱ्हाती का न्हाय कुनास ठावं."

मी बसलो. लेकीच्या घरी आबा पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. जुनी रीत, लेकीला लेकरू झालं की ती सुटते, पण ताईला दोन मुलं होऊनही आबांनी ती सोडली नव्हती. दारात जायचे, नातवंडांच्या हातावर खाऊ ठेवायचे आणि उभ्या उभ्या परत फिरायचे. व्याह्याकडं काही मागणं म्हणजे त्यांच्या लेखी मरणच. आणि हा माणूस आज मागायला निघाला होता, तेही हरळी.

ताईचे सासरे मोठे ऊसवाले. लिंबाखाली बाजेवर बसले होते, भोवती गावातली चारपाच माणसं. ट्रॉली बघून त्यांनी हाक मारली, "या पाव्हनं! उसाचं बेणं न्यायला आला जनू?"

"न्हाय," आबा म्हणाले. ते बाजेवर टेकले नाहीत. "हरळी पायजे. पाटाच्या कडंची."

सगळी हसली. कुणीतरी म्हणालं, "कऱ्हाटीची संपली व्हय?" व्याही डोळ्याला उपरण्याचं टोक लावत म्हणाले, "पाव्हनं, आमी ती काढून काढून मेलो आन् तुमी ट्राली घिऊन मागाया आला? रान लईच सवच्छ झालं वाटतं!" ताई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं, आबांच्या हाताला धरावं आणि तिथून निघून जावं.

आबांचे कान लाल झाले होते. त्यांनी कोपरीच्या खिशात हात घातला आणि घडी घातलेला एक कागद काढला. माझा परवाना. देवळीतून त्यांनी तो कधी उचलला, मला कळलंही नव्हतं. त्यांनी तो उलगडून दोन्ही हातांनी सगळ्यांसमोर धरला.

"हासू नगा," आबा म्हणाले. "सरकारी परवाना हाय. शिक्का बगा. पोराचा धंदा हाय ह्यो."

तोवर ते त्याला 'तुजं त्ये लॉन' म्हणत आले होते. धंदा हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. कागदावर पेरू लिहिलेत हे त्या माणसांत कुणी वाचलं नाही. शिक्का बघून व्याही बाजेवरून उठले, चेहरा सरळ केला आणि गड्यांना कुदळी आणायला पिटाळलं.

पाटाच्या कडेला चार गडी आणि तीन बाया कामाला लागल्या. सवयीनं त्यांनी हरळी खसाखसा उपटायला सुरुवात केली. आबा घाईनं पुढं झाले, उकिडवे बसले आणि एका बाईच्या हातातलं खुरपं घेऊन त्यांनी हरळीची एक चकती मातीसकट अलगद उचलून दाखवली. "आशी नगं, बाई, आशी. सावकास. काशी तुटू दिऊ नगा," ते म्हणाले. "जगली पायजे."